कूलर बंद करून ऐकलेलं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझा भाऊ सुशांत कामावर गेला. संध्याकाळी नांदगाव पेठेच्या रस्त्यावर ट्रकने त्याच्या गाडीला धडक दिली. दवाखान्यातून फोन आला. सकाळी आम्ही त्याला घरी आणलं आणि दुपारी नेलं.

त्याला आता काही वर्षं झाली.

या आठवड्यात खिडकीबाहेरच्या कूलरवरचं प्लास्टिक काढलं. जुन्या ताट्या उपसल्या, वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं. बटण दाबल्यावर पंखा आधी कण्हला, मग घरघरला, आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. आई म्हणाली, "लागला उन्हाळा." आमच्याकडे उन्हाळा असाच लागतो, कानांना आधी कळतो. होळी झाली की गल्लीत एकेक कूलर बोलायला लागतो आणि एप्रिल सरता सरता सगळी गल्ली एकाच आवाजात बुडून जाते. दुपारी आम्ही माणसं मोठ्याने बोलतो. बाहेरून आलेल्याला वाटतं, भांडणं चाललीत. आम्ही फक्त कूलरवरून बोलत असतो.

या घरघरीची आणि माझ्या भावाची जुनी दुश्मनी होती.

सुशांत कापडाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा. घरी आला की हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि कॉम्प्युटरपुढे बसायचा. त्याला राज्य उभारायचे खेळ आवडायचे. नकाशावर ओसाड जमिनीचा एक तुकडा मिळतो, चार माणसं मिळतात. त्यांच्याकडून लाकूड तोडून घ्यायचं, शेतं लावायची, वेस बांधायची, आणि शेजारचा राजा चालून आला की लढायचं. या खेळांत बोटांच्या चपळाईपेक्षा विचार जास्त लागतो. खेळणारा बराच वेळ नुसता बघत बसलेला असतो. त्या बघत बसण्याच्या वेळेत मागे संगीत चालू असतं.

सुशांतचा जीव त्या संगीतात होता. खेळात तो साधारणच होता.

मी तेव्हा एम.ए. करत होते. घरात अभ्यासाला तीच एक खोली, त्यामुळे मी त्याच्याकडे पाठ करून खाटेवर पुस्तक घेऊन बसायची. पडदा मला दिसायचा नाही. पण कान तर त्याच खोलीत होते. खेळात सकाळ असली की बासरीसारखं काहीतरी वाजायचं, लांबून, शेताच्या पलीकडून आल्यासारखं. गाव वाढलं की तिच्याखाली तारांची वाद्यं येऊन बसायची, घरात पाहुणे एकेक करून येऊन बसावेत तशी. हिवाळ्याचा नकाशा असला की एकच वाद्य वाजायचं आणि दोन सुरांमध्ये इतकी जागा सोडायचं, की मी पान उलटायची थांबायची. शत्रू जवळ आला की तालवाद्य यायचं. ते एकदम येत नसे. आधी त्या बासरीच्या पोटातच कुठेतरी धडधडायला लागायचं.

आईला हे काही पटत नसे. ती दारातून म्हणायची, "किती वेळची कटकट चालू हाय रे सुशांत! बंद कर ते."

"आई वं, कटकट नाई, गाणं हाय ते."

"गाणं? याच्यात बोल कुठी हायेत?"

"सगळ्या गाण्याले बोल लागते काय? बाबा मृदंग वाजवते, त्याच्यात कुठी बोल हायेत?"

"बाबा देवासाठी वाजवते. तू कायच्यासाठी वाजवून राहिला? लाकडं तोडासाठी!"

हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. त्यात राग नव्हता. जेवताना मीठ मागावं तसा तो रोज होऊन जायचा. आई प्रत्येक वेळी जिंकायची, कारण ती शेवटचं वाक्य बोलून स्वयंपाकघरात निघून जायची. सुशांत मला म्हणायचा, "ताई, एक दिवस हे बाई कबूल करन, पायजो."

त्या संगीताचे शौकीन जगभर आहेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. इंटरनेटवर कुणीतरी ते तुकडे सुटे करून ठेवतं, आणि खाली लोक लिहितात. बर्फाच्या देशातला एक जण लिहितो, बाहेर हिमवर्षाव चालू आहे आणि मी हे ऐकतोय. सुशांतने ते मला मे महिन्यातल्या दुपारी, गळ्यात ओला टॉवेल गुंडाळून वाचून दाखवलं आणि इतका हसला, की खुर्ची मागे गेली. "ताई, याले सांगू काय, आपल्याइथं डांबर वितळून राहिलं म्हणून?" मग हसू थांबल्यावर म्हणाला, "पण पाय ना, त्यालेबी तीच बासरी आवडते."

अशाच लिहिण्यातून त्याला प्रफुल सापडला. प्रफुल अकोल्याचा, कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान चालवणारा. बोलायला लागला की थांबायचा नाही. पुढे मूर्तिजापूरचा सिद्धार्थ मिळाला, शाळेत गणित शिकवणारा, मोजकं बोलणारा आणि डोळे मिटून ऐकणारा. मग त्यांच्या ओळखीतले आणखी काही. त्यांनी ठरवलं, वर्षातून एकदा जमायचं आणि नुसतं ऐकायचं. शाळांना सुट्ट्या, म्हणून मे महिन्याचा शेवटचा रविवार. जागा आमचं घर, कारण स्पीकर सुशांतचे चांगले होते. प्रफुल अकोल्याला गाडीत बसायचा, सिद्धार्थ मूर्तिजापूरला चढायचा, दोघं बडनेऱ्याला उतरून ऑटोने यायचे, आणि घरात शिरेपर्यंत त्यांचा एक वाद अर्ध्यावर आलेला असायचा.

पहिल्याच बैठकीत अडचण उभी राहिली. कूलर चालू असला की संगीतातलं बारीक काहीच ऐकू येईना. सुशांतने आवाज वाढवला, तर बासरी शिट्टी मारायला लागली. तो उठला आणि त्याने कूलर बंद केला.

मेच्या शेवटी, अमरावतीत, भर दुपारी.

"अबे भैताड, मारतं का काय!" प्रफुल ओरडला. "कूलर म्हणजे आपला तंबोरा हाय बे. त्याच्या सुरात सूर मिळव."

"तंबोरा सुरात असते लेका. तुह्या दुकानातला कूलर पत्र्यात हाये."

"माह्या दुकानाचं नाव काढू नको. तुह्या घरचा कूलर कोण दुरुस्त करते?"

"म्हणूनच तं वाजते असा!"

पंखाही बंद झाला, कारण तो टकटक करायचा. खिडक्या लावल्या, कारण बाहेर शेजाऱ्यांचे कूलर होते. आणि त्या भट्टीत ही शहाणी माणसं उघड्या फरशीवर ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. मी आतल्या खोलीतून पन्ह्याचे पेले घेऊन आले, तेव्हा कुणी हलत नव्हतं. घामाचे ओघळ कानामागून गळ्यात चालले होते आणि सिद्धार्थच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जसा एखाद्याला फार दिवसांनी निवांत झोप लागावी.

त्यांची आणखी एक गंमत होती. एक जण खेळायचा आणि बाकीचे ऐकायचे, म्हणजे संगीत खेळाबरोबर आपोआप बदलत जाईल. पण या खेळात राज्य प्रगत झालं, पुढच्या काळात गेलं, की संगीतही बदलतं. सुरुवातीच्या काळातली ती बासरी मग परत येत नाही. म्हणून ही मंडळी पुढे जायचीच नाहीत. शत्रूकडे घोडदळ आलं, तोफा आल्या, तरी यांचं गाव मातीच्या झोपड्यांचंच. शेवटी तो चालून यायचा.

"ढोल लागला, ढोल लागला! ऐका बे!"

"अबे, झोपड्या जळून राहिल्या!"

"जळू दे ना! ऐक, आता खालचा सूर येते."

गाव बेचिराख व्हायचं आणि यांच्या टाळ्या पडायच्या. जगात कुठेही, कुठल्याही खेळात, इतकं आनंदाने हरणारी माणसं मी पाहिली नाहीत.

एकदा बाबा दारात येऊन उभे राहिले. ते भजनी मंडळात मृदंग वाजवतात. त्यांना वाटलं असेल, पोरं खरंच उकडून मेली की काय ते बघावं. ते बघता बघता थांबले आणि त्यांची बोटं दाराच्या चौकटीवर चालायला लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "सात मात्रांत हाय रे हे." सुशांतने वळून पाहिलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. बाबांसाठी लगेच खुर्ची आली. आई आतून म्हणाली, "घ्या! तुमीबी बसले काय त्याच्यात!"

मी पुष्कळदा विचार करते, या संगीतात असं काय आहे. मी मराठी शिकवते, संगीतातलं मला काही कळत नाही. पण इतकं वाटतं, की सिनेमातलं गाणं आपला हात धरून नेतं. हे संगीत तसं करत नाही. समोरचा माणूस विचार करतोय हे त्याला माहीत असतं. ते त्याच्या शेजारी बसून राहतं आणि त्याची लय मोडू देत नाही. ज्याने ते रचलं त्याला ठाऊक होतं, की ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असणार, तासन् तास असणार, आणि तरीही त्याने एकेक सूर मन लावून ठेवला. कुणी लक्ष देणार नाही हे माहीत असूनही चांगलं करून ठेवणं मला फार मोठं वाटतं. आई चटणी वाटते तेव्हा असंच करते. हे मी सुशांतला बोलले होते. तो म्हणाला, "हे तू आईले सांग. मंग कबूल करन थे."

मी सांगितलं नव्हतं.

मग तो फेब्रुवारी आला.

घरात वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, गाणं-बजावणं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. आईने तो इतका काटेकोर पाळला, की संध्याकाळची मालिका लावायची, पण सुरुवातीचं गाणं लागलं की टीव्हीचा आवाज बंद करायची. नट्या मुक्याने हसायच्या. गाणं संपलं की आवाज परत. बाबांचा मृदंग गवसणीत गेला. भजनाला कुणाची हरकत नव्हती, पण त्यांनीच हात लावला नाही. सुशांतच्या खोलीत मी फक्त झाडायला जायची.

त्या उन्हाळ्यात मी इंटरनेटवरच्या त्या तुकड्यांखालचं लोकांचं लिहिणं वाचायला लागले. संगीत न लावता, आवाज बंद करून, नुसतं वाचायची. पूर्वी मला ते सगळं शौकिनांचं कौतुक वाटायचं. आता दिसलं, की त्यात माझ्यासारखेही आहेत. एकाने लिहिलं होतं, माझे वडील रविवारी हे खेळायचे, मी मांडीवर झोपायचो. एका बाईने लिहिलं होतं, मला खेळ येत नाही, मुलाच्या खोलीतून हे यायचं म्हणून शोधलं. तिने पुढे काही लिहिलं नव्हतं. खाली अनोळखी माणसांनी आपापल्या भाषेत नमस्कार लिहून ठेवले होते. मीही एक लिहिला.

मे अर्धा गेला. बैठकीचा विषय कुणीच काढत नव्हतं. प्रफुल आणि सिद्धार्थ विचारणार कसे? आणि आम्ही बोलावणार कसे, घरात वर्ष व्हायचं असताना? मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. यंदा बैठक राहिली तर ती कायमची राहणार. पुढच्या वर्षी सगळे म्हणतील, आता काय सुरू करायचं. आणि मग आमच्या घरात ती बासरी कधीच वाजणार नाही. माणूस गेला हे आम्ही सोसत होतो. त्याच्या पाठोपाठ ती दुपारही जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

शेवटी एका सकाळी प्रफुल एकटाच आला. हातात पेचकस आणि पिशवीत पंप. म्हणाला, "काकू, कूलर पायाले आलो." कूलर धडधाकट होता. तरी त्याने तो उघडला, पंप बदलला, पुन्हा लावला. चहा आला. आमची मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, त्या दिवसांत आईच्या सोबतीला राहायची. ती समोर वाती वळत बसली होती. प्रफुल बशीत बघत बोलायला लागला.

"काकू, एक इचारू काय? बैठकीचं."

मोठी आई म्हणाली, "काय रे बाप्पा? वर्ष व्हायचं हाय अजून. घरात गाणं-बजावणं कसं चालन?"

प्रफुलने तयारी केलेली दिसत होती. "तसं नाई मोठी आई. हे गाणं नाईच. काकूच म्हणत होत्या, कटकट हाय म्हणून. बोल नाई, काई नाई. गेमचा आवाज हाय नुसता. कूलरचा आवाज चालते ना? तसाच हा."

मोठ्या आईने वात खाली ठेवली. तिला ते पटलं. "हो वं," ती आईला म्हणाली, "ना बोल, ना देवाचं नाव. त्याले गाणं कोण म्हणते? लागू दे मंग."

वाट मोकळी झाली होती. आईने फक्त मान हलवायची होती. मी तिच्याकडे बघत होते.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. नेहमी वाद संपवताना जायची तशीच. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती पदराला हात पुसत परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "नाई. गाणं हाय ते."

प्रफुलची मान खाली गेली. "बरं काकू. राहू द्या."

"काहून राहू द्या? गाणं हाय म्हणूनच लागन. माह्या पोराचं गाणं माह्या घरात कटकट म्हणून चोरून लावू नका. लावाचं तं गाणं म्हणून लावा."

"अवं पण लोकं काय म्हणतीन?" मोठी आई म्हणाली.

"लोकायले सांग, सुशांतचं गाणं हाय म्हणून. ऐकाचं असन तं या म्हणा."

प्रफुल उठला आणि उगीच पुन्हा कूलरपाशी जाऊन उभा राहिला. घट्ट बसलेलाच एक स्क्रू तो पेचकसाने पुन्हा आवळायला लागला. आई त्याला म्हणाली, "झाला ना दुरुस्त? मंग आता जेवूनच जाय."

त्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. सिद्धार्थने त्याच्या बायकोला आणलं. शेजारच्या बाई आल्या, बहुतेक काय चाललंय ते बघायलाच. मोठी आई खुर्ची टाकून मध्यभागी बसली. कूलर बंद झाला, पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हे काय वं?" आई म्हणाली, "असंच ऐका लागते." जणू तिनेच हा नियम केला होता.

खेळणार कोण, हे ठरेना. ती खुर्ची सुशांतची. सिद्धार्थ हळूच म्हणाला, "ताई, तुमी बसा." मी म्हटलं, मला येत नाही. तो म्हणाला, "हराचंच तं हाय."

मी बसले. माऊस कसा धरायचा तिथपासून सुरुवात. माझी माणसं लाकूड तोडायची सोडून पाण्याकाठी जाऊन उभी राहिली. प्रफुल कळवळला, "ताई, थे झाडं इकडे हायेत वं!" पण बासरी सुरू झाली होती, आणि इतकी वर्षं पाठमोरी बसून ऐकलेली ती, पहिल्यांदाच समोरून येत होती. मग बासरीच्या पोटात काहीतरी धडधडलं. पडद्यावर अजून काहीच नव्हतं. मी म्हटलं, "आला."

"कोण आला? कोठी?" प्रफुल पुढे झाला. तेवढ्यात नकाशाच्या कोपऱ्यातून घोडेस्वार दिसले. "अबे! ताईले आधीच समजलं!"

मोठी आई म्हणाली, "आता काहून ढोल वाजून राहिला रे?"

"दुश्मन आला, मोठी आई."

"मंग पयत काहून नाई तुमी?"

"ऐकून राहिलो."

मोठी आई इतकी हसली, की पदर तोंडाला लावावा लागला. गाव जळालं. टाळ्या पडल्या. त्या वर्षात आमच्या घरात पहिल्यांदा कुणी मोठ्याने हसलं, आणि कुणालाही त्याचं अवघडल्यासारखं झालं नाही. बाबा खुर्चीच्या हातावर सात मोजत होते. आई दाराशी भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. कपाळावरचा घाम तिने पुसला नाही. माझ्या गावाची राख झाल्यावरही संगीत चालूच होतं, तेव्हा ती म्हणाली, "ते पहिलं, बासरीवालं, परत लाव."

मी नवा डाव मांडला.

बैठक अजून भरते. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आमच्या घरी. सुशांत नसतो. आई शेजारपाजारी निरोप देते, गाणं ऐकायला या म्हणून.